शत्रूंचे प्रकार मोजायचे की त्यांची सांगड पाहायची?

साखळीकर
चतुर्थीला घरी सगळी भावंडं जमली होती. आरत्या झाल्या, नेवऱ्यांचा डबा फिरला, बाहेर पाऊस थांबायचं नाव घेईना. मी 2001 सालचा पहिला ‘हेलो’ हा नेमबाजीचा व्हिडिओ गेम लावला. कॉलेजात शिकणारा धाकटा चुलतभाऊ अर्ध्या तासात कंटाळला: "दादा, ह्यात चारच तर शत्रू आहेत!"

मला ते लागलं, म्हणून हा धागा. चारच, खरं आहे: परग्रहवासी सैन्यातले ग्रंट, एलिट, जॅकल आणि हंटर. पण ग्रंट थवा करून येतात आणि त्यांचा म्होरक्या एलिट पडला की किंचाळत पळतात. म्हणजे आधी कोणाला मारायचं, हे ठरवावं लागतं. जॅकल ढालीआड असतो, त्याला बाजूने गाठावं लागतं किंवा प्लाझ्मा पिस्तूल पूर्ण चार्ज करून ती ढाल पाडावी लागते. हंटर जोडीने फिरतात आणि त्यांची पाठ उघडी असते. एकेकटे हे सगळे सोपे. पण एलिटकडे लक्ष द्यावं तर जॅकल पुढे सरकतो, जॅकलला वळसा घालावा तर ग्रंटचा ग्रेनेड पायाशी येतो. घुमट आरतीला वाद्यं किती लागतात? घुमट, शामेळ, कासाळे. तिघं एकमेकांत मिसळली की अंगावर काटा येतो. विज्ञानकथेतल्या लढाईचंही तसंच आहे, असं माझं ठाम मत.

म्हापसेकर
साखळीकर, सपशेल असहमत. आरती अर्ध्या तासात संपते, गेम दहा तास चालतो. तुमच्याच ‘हेलो’त पाच लेव्हल झाल्यावर सहाव्या लेव्हलला फ्लड, म्हणजे परजीवी प्राण्यांचे थवे, का आणावे लागले? चौघांवर भागत नव्हतं म्हणूनच ना? फ्लड कव्हर घेत नाहीत, घाबरत नाहीत, सरळ अंगावर येतात. तोवर लाडकी असलेली स्नायपर रायफल त्यांच्यापुढे कुचकामी ठरते आणि शॉटगन हातात घ्यावी लागते. नवा प्राणी आला तेव्हाच खेळणाऱ्याचा हात बदलला.

दुसरं म्हणजे, परग्रहावर किंवा दूरच्या भविष्यात नेता आहात तर मला तिथे अनोळखी प्राणी दिसले पाहिजेत. भविष्यातल्या पृथ्वीवर घडणाऱ्या ‘होरायझन झीरो डॉन’मध्ये (2017) थंडरजॉ हा अवाढव्य यंत्रप्राणी पहिल्यांदा दिसला तेव्हा मी गवतात बसून नुसता बघत राहिलो. पुढे कळलं की त्याच्या अंगावरचा डिस्क लाँचर बाणांनी तोडून त्याच्यावरच चालवता येतो. असं काही सापडण्याचा आनंद चार जातींत कुठून मिळणार?

काणकोणचा दर्यावर्दी
म्हापसेकरबाब, ‘फिअर’ (2005) खेळलात का? बहुतेक वेळ समोर एकाच साच्यातले क्लोन सैनिक. तरी वीस वर्षांनंतरही लोक त्याच्या लढायांची आठवण काढतात. प्रत्येक सैनिकाला एक उद्दिष्ट असतं, आणि तिथवर कसं पोचायचं ते तो त्या क्षणी ठरवतो. एखादा नव्या आडोशाकडे धावतो, ती वाट नेमकी आपल्या बगलेवरून जाते, आणि त्यांचं आपसातलं ओरडणं ऐकून वाटतं की आपल्याला घेरलंय. एकाच चेहऱ्याचा शत्रू, पण दोन वेळा सारखा लढत नाही.

म्हापसेकर
खेळलोय, दोनदा. सैनिक हुशार आहेतच. पण उत्तरार्धात तेच कॉरिडॉर, तीच ऑफिसं, तेच मुखवटे. हुशारी ओळखीची झाली की तीही शिळी होते.

फोंड्याची मानसी
तुमच्या दोघांच्याही मोजपट्टीत एक गोष्ट सुटतेय: शत्रू कळला पाहिजे. ‘डेड स्पेस’ने (2008) काय केलं? इतर गेममध्ये आपल्याला डोक्यावर नेम धरायची सवय, इथे डोकं उडवलं तरी नेक्रोमॉर्फ, म्हणजे प्रेतापासून बनलेला राक्षस, चालत येतो. हातपाय कापायचे. या एका नियमामुळे प्रत्येक नव्या प्राण्याकडे आपण "कापायचं कुठे?" अशा नजरेने बघतो. इथे विविधता आहे, पण ती एका नियमावर उभी आहे.

याउलट ‘डूम इटर्नल’चा (2020) मरॉडर हा ढालवाला शत्रू. नेमक्या अंतरावर थांबा, डोळे हिरवे चमकले की मारा, नाहीतर ढाल आडवी. बाकी सगळा गेम सांगतो धावत राहा, शस्त्र बदलत राहा, आणि हा एकटा सगळ्यांना थांबवतो. काहींना तो आवडतो, मला तो दाराला लावलेल्या कुलपासारखा वाटतो. किल्ली एकच. प्रकार वाढला आणि माझे पर्याय घटले, ही कसली विविधता?

साखळीकर
मानसी, कुलपाची उपमा पटली. म्हापसेकर, फ्लडबाबत तुमचं अर्धं मान्य. ते आले नसते तर गेम थकला असता. पण सातवी लेव्हल, ‘लायब्ररी’, आठवा. शत्रू म्हणून जवळजवळ फक्त फ्लड, लाटेमागून लाट. हात पाचव्या मिनिटाला शिकतो आणि पुढे नुसतं दमणं उरतं. नवा प्राणी होता, तरी कंटाळा आलाच.

आता आठवी लेव्हल घ्या. जुनाच बर्फाळ नकाशा उलट्या बाजूने, जुनेच एलिट, जुनेच फ्लड. फरक इतकाच की ते एकमेकांवर तुटून पडलेत. आपण कड्यावर उभं राहून ठरवायचं: उतरायचं, की कोण उरतं ते बघायचं? 1993 च्या ‘डूम’मध्येही इम्पचा आगीचा गोळा चुकून दुसऱ्या जातीच्या राक्षसाला लागला की ते दोघे आपसात भिडत, आणि मुद्दाम मध्ये उभं राहून त्यांना भिडवणं हा वेगळाच खेळ होता.

म्हापसेकर
आठवी लेव्हल माझीही सर्वांत आवडती. पण तिथे भिडायला दोन कुळं होती म्हणून भिडली. फ्लड आणलेच नसते तर तुमचे एलिट कोणाशी लढले असते?

साखळीकर
याला माझ्याकडे उत्तर नाही. धाकट्याला मात्र सातवी गाळून थेट आठवीवर बसवणार आहे. शनिवारी साखळीला या, म्हापशाहून फार लांब नाही.