द्विशिक्षकी शाळेत वर्गनिरीक्षण : नोंदी कशा घ्यायच्या? मदत हवी आहे

नमस्कार. एम.एड.च्या लघुशोधप्रबंधासाठी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळांत गणिताच्या तासांचं निरीक्षण करायचं आहे. परवानगी मिळाली, मुख्याध्यापकही तयार आहेत. अडलंय ते साधनापाशी.

मार्गदर्शक बाई फ्लँडर्सची पद्धत (वर्गात कोण, कसं बोलतं याची ठरावीक प्रकारांत नोंद करण्याची) वापर म्हणतात. दर 3 सेकंदांनी एक नोंद, एकूण 10 प्रकार. त्यातले 7 शिक्षकांच्या बोलण्याचे, 2 विद्यार्थ्यांच्या आणि शेवटचा शांतता किंवा गोंधळाचा. पण इथे गुरुजी तिसरीला हातच्याची वजाबाकी समजावतात, तेव्हा त्याच खोलीत चौथी मुकाट्याने गणितं सोडवत असते. ते काम 'शांतते'त टाकायचं? मग चौथीचा निम्मा तास वाया गेल्यासारखाच दिसेल, आणि हे मला पटत नाही. दोन इयत्तांचे दोन तक्ते एकटीला झेपतील का? चित्रीकरण शक्यतो नकोच. पालकांच्या संमतीपासून सगळं आलं.

शिवाय मागे कुणी पाहुणं बसलं की मुलं ताठ, आणि गुरुजींचं फळ्यावरचं अक्षरही एकदम सुवाच्य! सुरुवातीचे तास तुम्ही नोंदींतून वगळता का? साधारण किती?

बहुवर्ग अध्यापनावर (एकाच शिक्षकाने एकाच वेळी अनेक इयत्ता शिकवणं) कुणी काम केलं असेल तर तक्त्याचा नमुना दाखवाल का?