झोपेची अन् डोकेदुखीची गोळी एकदम बंद केली तर चालेल का?

अक्कलकोटरोडकर: सासरे ६७ वर्षांचे. डोकेदुखी आणि झोपेसाठी क्लोरडायझेपॉक्साइड ५ + अमिट्रिप्टिलिन १२.५ मिग्रॅची गोळी रात्री एक, दीड वर्षापासून. तोंड कोरडं पडतं, लघवी अडखळत होते. चिठ्ठी जुनी झाली म्हणून मेडिकलवाला देत नाही. चार गोळ्या उरल्यात. डोकं दुखलं की पॅरासिटामॉल, जवळजवळ रोज. आता ही गोळी बंदच करावी म्हणतो.

फार्मासिस्ट_नवीपेठ: एकदम बंद मुळीच करू नका. क्लोरडायझेपॉक्साइड बेंझोडायझेपिन गटातलं, म्हणजे घबराट कमी करून झोप आणणाऱ्या औषधांपैकी, दीड वर्षात शरीराला त्याची सवय लागते. अचानक तोडलं की झोप पार उडते, हात थरथरतात, घाबरं होतं, क्वचित फिटही येते. यात फसगत अशी होते की हे औषध आणि त्याचे शरीरात बनणारे घटक रक्तात कित्येक दिवस टिकतात. पहिले काही दिवस बरे जातात, त्रास मागाहून सुरू होतो, आणि घरचे समजतात जुनं दुखणंच उलटलं. साधारणपणे दर एक-दोन आठवड्यांनी थोडी थोडी मात्रा उतरवतात. एकाच गोळीत दोन्ही औषधं बांधलेली असल्याने डॉक्टर कधी ती वेगवेगळी लिहून देतात आणि एकेक कमी करतात. वेळापत्रक त्यांनीच ठरवायचं, घरी गोळ्या तोडत बसू नका.

लघवीचा त्रास बहुधा अमिट्रिप्टिलिनचा. प्रोस्टेट वाढलेली असेल किंवा काचबिंदू असेल तर आधी सांगा. मेडिकलवाल्याचं बरोबर आहे. औषध शेड्यूल एच१ मधलं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीतलं आहे, रजिस्टरमध्ये डॉक्टर, रुग्ण आणि गोळ्यांची संख्या लिहून ते तीन वर्षं ठेवावं लागतं.

शिरोवेदना: पॅरासिटामॉलकडेही बघा. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं तर त्या गोळीनेच डोकं दुखत राहतं. कॅफीन मिसळलेली असेल तर १० दिवसही पुरतात. कॅलेंडरवर गोळीच्या दिवशी खूण करा आणि तेच पान डॉक्टरांना दाखवा.

सातरस्ता_नर्स: आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो आणि अमिट्रिप्टिलिनने घाम कमी सुटतो, म्हणून भर दुपारी उन्हात पाठवू नका. रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसवा, मोरीपर्यंत दिवा चालू ठेवा, या वयात पडून खुब्याचं हाड मोडतं. दारू, शिंदी, कोडीनचं खोकल्याचं औषध आणि ट्रॅमाडॉल हे दुखण्यावरचं औषध यासोबत नकोच, श्वास मंदावतो. चार गोळ्या आहेत तोवर उद्याच डॉक्टर गाठा, चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घालून न्या. लघवी पूर्ण अडली आणि ओटीपोट ताठरलं तर मात्र ओपीडीची वाट न बघता सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत.