मदत हवी आहे: आर भाषेत स्वतःच्या क्लाससाठी चौकोनी कंसाची मेथड लिहिली, तरी मिती गळून पडतात

नमस्कार. तापमानाच्या नोंदींसाठी मी आरमध्ये एस३ पद्धतीचा (आरमधल्या साध्या क्लास-रचनेचा) एक क्लास, म्हणजे स्वतःचा डेटा-प्रकार, तयार केला आहे. मुळात तो मॅट्रिक्स आहे. प्रत्येक ओळ म्हणजे एका वेळची नोंद आणि प्रत्येक स्तंभ म्हणजे एक सेन्सर. त्याला जास्तीची माहिती सांगणारी दोन अ‍ॅट्रिब्यूट जोडली आहेत. एक मोजमापाचे एकक, आणि दुसरे नोंदींच्या वेळांचा व्हेक्टर, ज्याची लांबी ओळींच्या संख्येइतकीच असायला हवी.

मॅट्रिक्समधून काही ओळी निवडल्या की आर मिती आणि मितींची नावे तेवढी राखते, क्लास आणि बाकीची अ‍ॅट्रिब्यूट टाकून देते. फॅक्टर (गटवार मूल्यांचा प्रकार) आणि तारखा यांतून सुखरूप सुटतात, कारण त्यांच्यासाठी चौकोनी कंसाच्या वेगळ्या मेथड, म्हणजे त्या प्रकारातून निवड कशी करायची हे सांगणारी फंक्शन, लिहिलेल्या आहेत. तशीच मेथड मीही लिहिली: आत नेक्स्टमेथड (आरची मूळ मेथड चालवणारे फंक्शन) बोलावले, आलेल्या निकालावर क्लास व एकक पुन्हा चढवले आणि वेळांचा व्हेक्टर त्याच इंडेक्सने कापला.

तरीही दोन अडचणी उरल्या आहेत. मेथडच्या व्याख्येत ड्रॉपचे (एकच ओळ किंवा स्तंभ उरला तर मिती टाकायच्या का, हे सांगणाऱ्या आर्ग्युमेंटचे) डिफॉल्ट मूल्य फॉल्स ठेवले असूनही, क्ष या माझ्या क्लासच्या वस्तूसाठी क्ष[३, ] लिहिले की मॅट्रिक्सऐवजी साधा व्हेक्टर हाती येतो. शिवाय क्ष[३] आणि क्ष[३, ] या दोन्हींत दुसरा इंडेक्स मिसिंगच दिसतो, त्यामुळे एक घटक मागितला आहे की पूर्ण ओळ, हे मेथडला ओळखता येत नाही. वेळा आणि नोंदी यांची जोडी चुकली तरी आर कोणताही इशारा देत नाही, याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. यासाठी एस४ कडे (आरमधल्या अधिक काटेकोर क्लास-रचनेकडे) वळणे आवश्यक आहे का?

प्रतिसाद:
एस४ ची गरज नाही. तिथेही हेच दोन प्रश्न सोडवावे लागतील. पहिल्या अडचणीचे मूळ असे आहे की नेक्स्टमेथड मूळ कॉलमध्ये प्रत्यक्ष दिलेली आर्ग्युमेंटच पुढे पाठवते, तुमच्या मेथडमधली डिफॉल्ट मूल्ये पाठवत नाही. वापरणाऱ्याने ड्रॉप लिहिले नसेल, तर आतली मूळ मेथड स्वतःचे डिफॉल्ट, म्हणजे ट्रू, वापरते. म्हणून नेक्स्टमेथडच्या कंसात ड्रॉप हे नावासकट स्पष्टपणे द्या. कोणी मुद्दाम ट्रू दिले आणि निकालाला मिती उरल्या नाहीत, तर त्यावर क्लास चढवू नका; मिती नसलेली वस्तू या क्लासची म्हणवली, तर पुढची प्रत्येक मेथड फसेल.

दुसऱ्या अडचणीसाठी एनआर्ग्ज (कॉलमध्ये किती आर्ग्युमेंट दिली ते मोजणारे फंक्शन) वापरा. ते रिकामी सोडलेली जागाही मोजते, त्यामुळे क्ष[३] साठी २ आणि क्ष[३, ] साठी ३ मिळतात. ड्रॉप दिलेले असेल तर त्यातून १ वजा करायला विसरू नका. डेटा फ्रेमची (आरमधल्या तक्त्याची) मेथडही असेच करते. एकच इंडेक्स असेल तेव्हा साधा व्हेक्टर परत करणे मला योग्य वाटते, कारण त्या घटकांना ओळींचा आकार उरलेला नसतो.

वेळा मात्र थेट इंडेक्सने कापू नका. इंडेक्स ओळींच्या नावांचा असेल तर वेळांच्या व्हेक्टरला ती नावे नसल्यामुळे एनए (मूल्य उपलब्ध नाही) मिळतील. १ पासून ओळींच्या संख्येपर्यंतचा क्रम घ्या, त्याला ओळींची नावे द्या, तो इंडेक्सने कापा आणि मिळालेल्या क्रमांकांनी वेळा निवडा. ऋण आणि तार्किक इंडेक्सही याच वाटेने नीट चालतात.

मूळ प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. ड्रॉप नावासकट दिल्यावर एका ओळीची निवड मॅट्रिक्स म्हणूनच आली, आणि नावांनी निवडलेल्या ओळींच्या वेळाही जुळल्या. आता मूल्य भरणाऱ्या चौकोनी कंसाची मेथड लिहायला घेत आहे.