मदत हवी आहे: १०४ किलोचा रायडर, मागचा शॉकअप बसतोय. स्प्रिंग बदलू की पूर्ण शॉकअप?

चादरवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज अडलंय म्हणून लिहितोय.

माझं वजन १०४ किलो. अंदाजे नाही, गोदामात गठ्ठे तोलायच्या काट्यावर उभं राहून बघितलंय. हेल्मेट, जाकीट, बूट घालून परत चढलो तर ११०. "आधी वजन कमी करा" हा सल्ला घरी रोज ताटावर बसलो की मिळतो, तेव्हा तेवढा सोडून बाकी काहीही बोला.

गाडी साडेतीनशे सीसीची, मागे दोन शॉकअप, २६ हजार किमी झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की पाचव्या प्रतिसादापर्यंत दोन पार्ट्या पडतात आणि माझा प्रश्न राहतो बाजूला. आठवड्यातून दोनदा तुळजापूर, एकदा अक्कलकोट, कधी बार्शी. मागे कॅरियरवर टॉवेलच्या नमुन्यांची पिशवी, १२-१५ किलोची. रविवारी सौ.

त्रास असा आहे. जुळे सोलापुरातून विजापूर रोडला लागेपर्यंत जेवढे स्पीडब्रेकर, तेवढ्या वेळा मागून 'ठक्क'. तुळजापूरच्या घाटात वळणावर गाडी मागून डुलते, म्हशीवर बसल्यागत. आणि मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट म्हणजे रात्री समोरचे ट्रकवाले सारखे डिपर मारायचे. मी लो बीमवरच असायचो. महिनाभर त्यांनाच शिव्या घातल्या. मग लक्षात आलं, गाडी मागून एवढी बसलीय की हेडलाईट त्यांच्या डोळ्यात जातोय.

मेकॅनिकने सी-पाना लावून दोन्ही शॉकअप दुसऱ्या खाचेवरून शेवटच्या, म्हणजे सहाव्या खाचेवर नेले. "आता कडक झाले बघा अण्णा." गाडी उंच झाली, डिपर कमी झाले. पण एकटा असताना ब्रेकर ओलांडला की आता मागून 'ठण्ण' असा वरचा आवाज येतो, आणि सौ. बसल्या की जुना 'ठक्क' आहेच. म्हणजे आधी एक आवाज होता, आता दोन झाले.

प्रश्न: १) शेवटच्या खाचेवर असूनही असं का? २) फक्त स्प्रिंग बदलून भागेल की पूर्ण शॉकअप घ्यावे लागतील? ३) स्प्रिंग बदलायची तर किती कडक, हे कसं ठरवतात?

विजापूर वेस

स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये घालायचे रबर मिळतात. माझ्या गाडीला दोन-दोन घातलेत. स्वस्तात काम.

कडक भाकरी

रबर नको. रबर घातलेले वेढे नीट दबत नाहीत, सगळा भार उरलेल्या वेढ्यांवर येतो. आणि कुणी स्प्रिंगचे दोन वेढे कापून देतो म्हणाला तर तिथून निघून या. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते हे खरं, पण आखूडही होते, मग शॉकअपमध्ये सैल खुळखुळते.

मालक, सगळ्यात आधी टायरची हवा बघा. हसू नका. सकाळी गाडी थंड असताना बघा, दुपारी आपल्याकडच्या उन्हात काटा वरच दाखवणार. त्यानंतर चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या जोडाचे) बुश: गाडी मेन स्टँडवर घ्या, मागचं चाक धरून आडवं हलवा. खट् असं हललं तर डुलण्याचं कारण तिथेही असू शकतं.

मग सॅग मोजा, म्हणजे वजनाने गाडी किती मिमी खाली बसते ते. मोजल्याशिवाय इथे कुणी काही सांगितलं तर ती ज्योतिषाची पत्रिका. तीन मापं लागतात, मागच्या चाकाच्या एक्सलपासून सरळ वर सीटखाली एक खूण करून. पहिलं, चाक हवेत असताना. दुसरं, गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना, वर कुणी नाही. तिसरं, तुम्ही पूर्ण पोशाखात बसल्यावर, दोन्ही पाय फूटरेस्टवर. पहिल्यातून दुसरं वजा केलं की फ्री सॅग. पहिल्यातून तिसरं वजा केलं की रायडर सॅग. प्रत्येक माप दोनदा घ्या: एकदा गाडी दाबून हळू सोडून, एकदा उचलून हळू सोडून, आणि सरासरी काढा. सील-बुशच्या घर्षणामुळे दोन्हींत काही मिमी फरक येतोच.

चाकाला मिळणाऱ्या एकूण हालचालीच्या साधारण ३० ते ३५ टक्के रायडर सॅग हवा.

चादरवाला

हवा: चेनकव्हरच्या स्टिकरवर मागे ३२, दोघं असताना ३६. माझ्या टायरात २६. लाज वाटली, पण लिहितोय. भरल्यावर घाटातलं डुलणं निम्म्यावर आलं. बुश ठीक आहेत.

सॅग मोजायला काल संध्याकाळी पार्किंगमध्ये दरबार भरला. मेहुण्याने गाडी सरळ धरली, सौ. टेप घेऊन चाकाशी, मी वर पुतळ्यासारखा. पहिल्यांदा शिवणकामाचा कापडी टेप घेतला, तीन वेळा तीन आकडे. तो ताणला जातो हे सौ.च म्हणाल्या. मग सुताराचा स्टीलचा टेप आणला. मागची एकूण हालचाल गाडीच्या पुस्तकात १०० मिमी दिलीय.

दुसऱ्या खाचेवर: फ्री सॅग १२, रायडर सॅग ४७.
सहाव्या खाचेवर: फ्री सॅग ०, रायडर सॅग ३३.

आता ३३ म्हणजे तुमच्या ३० ते ३५ मध्ये बसतंय. मग बिघडलं कुठे?

कडक भाकरी

फ्री सॅग शून्यात बिघडलं.

खाच फिरवून स्प्रिंग कडक होत नाही. आपल्याकडे निम्मी गॅरेजं हेच 'कडक केलं' म्हणून सांगतात. खाच फक्त स्प्रिंगला आधीच थोडी दाबून ठेवते, त्याने गाडीची उंची बदलते. पुढचे १० मिमी दाबायला आधी जेवढा जोर लागायचा तेवढाच आताही लागतो.

तुमच्याकडे काय झालं बघा. तुमच्या वजनाला उंची पुरावी म्हणून स्प्रिंग इतकी आधीच दाबली, की शॉकअप पूर्ण उघडलेला असतानाही ती गाडीच्या मागच्या सगळ्या वजनाएवढ्या जोराने ढकलत बसलीय. म्हणून गाडी स्वतःच्या वजनावर जराही बसत नाही, आणि ब्रेकरवर मागचा भाग हलका झाला की शॉकअप वरच्या टोकाला आपटतो. तो 'ठण्ण'. सौ. बसल्या की मऊ स्प्रिंग खालच्या टोकाला जाते, तो 'ठक्क'.

रायडर सॅग बरोबर आणि फ्री सॅग शून्य, म्हणजे स्प्रिंग तुमच्यासाठी मऊ. उलट रायडर सॅग बरोबर आणि फ्री सॅग २५-३० असता तर स्प्रिंग फार कडक म्हटलं असतं. मागे ५ ते १० मिमी फ्री सॅग हवा.

आता किती कडक? सोपा हिशोब. दुसऱ्या खाचेवरचे आकडे घ्या, कारण तिथे शॉकअप वरच्या टोकाला टेकलेला नाही. ४७ वजा १२, म्हणजे तुमच्या वजनाने गाडी ३५ मिमी बसते. स्प्रिंग २५ टक्के कडक घेतली तर ३५ भागिले १.२५, म्हणजे २८. रायडर सॅग ३३ ठेवला तर फ्री सॅग ५ उरतो. बसलं गणित. खालच्या खाचांवर हे जमलं की वरच्या खाचा सौ. आणि पिशवीसाठी मोकळ्या राहतात.

पूर्ण शॉकअप घ्यायचे तर ऑर्डर देतानाच वजन विचारून स्प्रिंग बसवणारे बनवणारे आहेत. ब्रिटनमधले हॅगनवाले तसंच करतात. पण किंमत आणि कस्टम धरून डोळे पांढरे होतील. तुमचे डँपर (शॉकअपमधला स्प्रिंगची उसळी आवरणारा तेलाचा भाग) शाबूत असतील तर मी आधी स्प्रिंगच बदलेन. सीट जोरात दाबून सोडा. वर येऊन एकदा थोडं खाली जाऊन थांबली तर चालेल. दोन-तीन हेलकावे खाल्ले, किंवा रॉडवर तेलाचा ओलावा दिसला, तर नुसती स्प्रिंग बदलू नका.

चादरवाला

एकदाच खाली जाऊन थांबते. रॉड कोरडे. नवी स्प्रिंग यंत्रमागाच्या (लूमच्या) स्प्रिंगा करणाऱ्याकडून करून घेऊ का? ओळखीचा आहे.

लेथवाला

चिंचोळी एमआयडीसीत लेथवर वीस वर्षं काढलीत, म्हणून बोलतो. लूमवाल्याकडे नको. त्याची स्प्रिंग वेगळ्या कामाची, वेगळ्या तारेची. शॉकअपच्या स्प्रिंगला स्प्रिंग स्टीलची तार, वळल्यावर नीट उष्णता प्रक्रिया, दोन्ही टोकं सपाट घासलेली, आणि वरून शॉट पीनिंग (बारीक छऱ्यांचा मारा) लागतं. त्याशिवाय ती सहा महिन्यांत बसते नाहीतर तुटते.

आधी आत्ताची स्प्रिंग मोजा. कॉम्प्रेसरशिवाय शॉकअप उघडू नका, दाबलेली स्प्रिंग सुटली तर जबड्यावर येते, मी एकाचे दात गेलेले बघितलेत. स्प्रिंग बाहेर काढली की ड्रिल मशीनच्या टेबलावर घरचा वजनकाटा, त्यावर स्प्रिंग उभी, वरून स्पिंडलने सपाट पट्टी टेकवून दाबा. आधी थोडी दाबून काट्याचा आकडा लिहा, मग बरोबर १० मिमी आणखी दाबा. फरक किती किलो आला ते तुमच्या स्प्रिंगचं उत्तर. पुन्हा आणखी १० मिमी. दोन्ही फरक सारखे आले तर सरळ स्प्रिंग, दुसरा मोठा आला तर चढती, म्हणजे दाबाल तशी कडक होणारी.

तारेची जाडी व्हर्नियरने बघा. तार जरा जाड झाली की स्प्रिंग किती कडक होते याचा लोकांना अंदाज नसतो, कारण जाडीचा चौथा घात लागतो. साडेसातची तार आठची केली तर हिशोबाने २९ टक्के वाढ. आतला व्यास तोच ठेवावा लागतो, त्यामुळे वेढ्याचा मधला व्यास अर्धा मिमी वाढतो आणि थोडा कडकपणा परत जातो. हातात २५ च्या आसपास येते.

एक फसगत होते तिथेच. चौदा वेढे असतील तर प्रत्येकी अर्धा मिमी, म्हणजे पूर्ण दबलेली स्प्रिंग आधीपेक्षा ७ मिमी जास्त उंच. शॉकअप पूर्ण दबायच्या आधी वेढ्याला वेढा टेकला तर दगडावर बसल्यासारखं होईल. हे आधी मोजा, मग ऑर्डर.

डँपरचं म्हणाल तर २५ टक्के कडक स्प्रिंगला साधारण १२ टक्के जास्त आवर लागतो. वर्गमुळाचा हिशोब आहे तो. चांगल्या डँपरला एवढं झेपतं. चाळीस-पन्नास टक्के कडक केली असती तर घोडा उधळला असता.

चादरवाला

लेथवाले दादा, तुमचे उपकार. काट्यावर दर १० मिमीला १६ किलो आले, दोन्ही वेळा. तार साडेसात, वेढे १४. टेकण्याचा हिशोब केला, ३ मिमी जागा उरते. काठावरच आहे, पण रबरी स्टॉपर त्याच्या आधी लागतो.

चादरवाला (तीन आठवड्यांनी)

पुण्याहून स्प्रिंगा करून आणल्या. काट्यावर एक १९.५ किलोची निघाली, एक २०.५ ची. तिसऱ्या खाचेवर फ्री सॅग ६, रायडर सॅग ३५. सौ. बसल्या की दोन खाचा वर. काल तुळजापूरला पिशवीसकट गेलो. घाट चढताना डुललो नाही, आणि परतीला रात्र झाली तरी डिपर एकदाच. तो मात्र मीच हाय बीम विसरलो होतो.

पण मागचं बरं झाल्यावर पुढचं दिसायला लागलंय. ब्रेक मारला की तोंड फार खाली जातं. फोर्कच्या (पुढच्या शॉकअपच्या) रॉडला केबल टाय लावून मोजलं, फ्री सॅग ३०, रायडर सॅग ५२, एकूण हालचाल १३०. मेकॅनिक म्हणतो जाड ऑइल टाका.

कडक भाकरी

जाड ऑइलने तोंड हळू खाली जाईल, पण जाईल तेवढंच. पुढे तुमचं वजन फार पडत नाही, २२ मिमीच बसताय. तेव्हा आधी फोर्कच्या स्प्रिंगवर १० मिमीचा स्पेसर घाला, पीव्हीसी पाइपचा तुकडा चालतो, फक्त दोन्ही टोकं काटकोनात कापा आणि दोन्हीकडे वॉशर द्या. रायडर सॅग ४२ वर येईल. ऑइल जुनं असेल तर कंपनी सांगते त्याच ग्रेडचं नवं भरा. पातळी मोजताना स्प्रिंग बाहेर, फोर्क पूर्ण दाबलेला. हवी तर ५ मिमी वर ठेवा, त्याहून जास्त नको, हवेला जागा उरली नाही तर ऑइल सील जातात.

हेडलाईट मात्र आता परत लावून घ्या. गाडीची मागची-पुढची उंची बदललीत, म्हणजे त्याचा झोतही हललेला असणार.