मदत हवी आहे: जास्वंदीच्या कळ्या उमलायच्या आधीच गळतायत

कुंडीतली जास्वंद आहे, मोठी झालीये, ऊन भरपूर, पाणी वरची माती सुकली की देते, कुंडीत पाणी साचत नाही. पांढरा मिलीबग (रस शोषणारी कापसासारखी कीड) शेंड्यांवर आणि देठांच्या बेचक्यात आला होता, सोबत मुंग्यांची रांग आणि खालच्या पानांवर काळी काजळी. जोरात पाण्याचा फवारा मारला, मग लिटरला ५ मिली नीम ऑइल थोडा लिक्विड सोप घालून आठवड्याच्या अंतराने संध्याकाळी मारतेय, जास्त लागलेले शेंडे कापून टाकले. मिलीबग बराच कमी झालाय, मुंग्या मात्र हटत नाहीत (त्या असेपर्यंत तो परत येणार हे माहितीये).

खरा प्रॉब्लेम आता वेगळाच आहे. कळ्या चांगल्या भरतात, मग देठाजवळ पिवळ्या पडून गळतात. गळलेली कळी फोडून बघितली तर काहींच्या आत बारीक पांढरट अळ्या, काहींमध्ये काहीच नाही. खत बदललेलं नाही, कुंडीही हलवलेली नाही.

फुलांवर मधमाश्या आणि शिंजीर (मध पिणारे छोटे पक्षी) येतात म्हणून मुळातून शोषलं जाणारं इमिडाक्लोप्रिडसारखं औषध वापरायचं नाहीये, प्लीज ते सुचवू नका.

अळ्या कळीत असतात म्हणजे वरून मारलेलं नीम तिथे पोचतच नसणार, बरोबर ना? मग सगळ्याच कळ्या एकदा तोडून टाकायच्या का, की गळलेल्या रोज उचलल्या तरी पुरे? अळ्या मातीत जाऊन कोष करत असतील तर वरची माती बदलून कोणाला फरक पडलाय का?