मदत हवी आहे : पीबीओ दिल्यानंतरही काही डास वाचले, पुढची चाचणी कोणती करावी?

नमस्कार.

हिवताप पसरवणाऱ्या ॲनॉफिलीस डासांच्या कीटकनाशक-प्रतिकारक्षमतेवर मी काम करतो. अळ्या आणून वाढवल्या आणि त्यांतून निघालेल्या तीन ते पाच दिवसांच्या, रक्त न प्यालेल्या माद्यांवर जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने नळी-चाचणी केली. ०.०५ टक्के डेल्टामेथ्रिन हे कीटकनाशक लावलेल्या कागदाशी एक तास संपर्क येऊ दिला आणि २४ तासांनी मोजणी केली. ९८ टक्के किंवा त्याहून अधिक माद्या मेल्या तर डास संवेदनशील आणि ९० टक्क्यांपेक्षा कमी मेल्या तर प्रतिकारक्षम, असा निकष आहे. आमचा मृत्युदर ९० च्या बराच खाली आला. कागदच जुना असेल अशी शंका होती, म्हणून प्रयोगशाळेतील संवेदनशील डासांवर तोच कागद वापरून पाहिला. ते सगळे मेले.

त्यानंतर माद्यांना आधी एक तास ४ टक्के पीबीओच्या, म्हणजे पायपेरोनिल ब्युटॉक्साइडच्या, संपर्कात ठेवून मग डेल्टामेथ्रिन दिले. पीबीओ हे विषाचे विघटन करणाऱ्या पी४५० विकरांना रोखते. मृत्युदर स्पष्टपणे वाढला, पण ९८ पर्यंत पोचला नाही. विकरांचा वाटा आहे एवढे यावरून कळते. मात्र उरलेल्या माद्या कशामुळे वाचल्या, हे मला उलगडत नाही. चेतापेशींच्या सोडियम मार्गिकेत बदल घडवणारे केडीआर उत्परिवर्तन त्यांच्यात असेल का? डेल्टामेथ्रिनप्रमाणे डीडीटीही याच मार्गिकेवर काम करते, म्हणून डीडीटीची चाचणी घ्यावी, असे एका सहकाऱ्याने सुचवले. परंतु डीडीटीचे विघटन ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज विकरेही करतात. तेव्हा डास डीडीटीतून वाचले तरी केडीआर सिद्ध होत नाही, असे माझे मत आहे. चूक असल्यास कृपया दुरुस्त करावे. मेलेल्या आणि वाचलेल्या माद्या जनुकीय तपासणीसाठी वेगवेगळ्या जपून ठेवल्या आहेत, पण ती तपासणी होण्यास वेळ लागेल.

खरी अडचण अशी की शिल्लक माद्या जेमतेम एकाच पूर्ण चाचणीला पुरतील आणि नव्या अळ्या मिळण्याचा हंगाम संपत आला आहे. डेल्टामेथ्रिनची पाचपट आणि दहापट मात्रा देऊन प्रतिकाराची तीव्रता मोजावी, की क्लोरफेनापिर या दुसऱ्या कीटकनाशकाची बाटली-चाचणी (आतून कीटकनाशक लावलेल्या बाटलीत डास ठेवून) करावी? क्लोरफेनापिर डासाच्या शरीरात गेल्यावर पी४५० विकरांमुळेच सक्रिय होते, त्यामुळे आमच्या डासांवर ते चांगले चालावे असा माझा अंदाज आहे. मच्छरदाण्या पीबीओयुक्त घ्याव्यात की क्लोरफेनापिरयुक्त, या निर्णयासाठी आमचे निष्कर्ष मागवले गेले आहेत. ज्यांच्या घरात त्या टांगल्या जातील, त्यांची मुले त्यांच्याच भरवशावर झोपणार आहेत, म्हणून अंदाजावर शिफारस करणे मला पटत नाही.

ज्यांनी अशा चाचण्या स्वतः केल्या आहेत, त्यांनी हाताशी एवढ्याच माद्या असताना कोणती चाचणी आधी केली असती आणि का, हे कृपया सविस्तर सांगावे.