जंगलातली लाकूडओढ: घोडा की यंत्र?

सुतारपक्षी: घोड्याने लाकूड ओढणं ही हौसच, असं म्हटलं जातं. पण जर्मनीत स्प्रूसच्या (देवदारासारख्या सूचिपर्णी झाडाच्या) जंगलात विरळणी करताना, म्हणजे दाटीतली काही झाडं काढताना, हार्वेस्टरसाठी (झाड पाडून तुकडे करणाऱ्या यंत्रासाठी) दर 20 मीटरवर 4 मीटर रुंद वाट काढतात, कारण त्याचा हात दोन्ही बाजूंना 10 मीटरच पोचतो. म्हणजे पाचवा हिस्सा जमीन चाकांखाली. वाटा 40 मीटरवर ठेवल्या तर दहावाच. मधे उरलेल्या 20 मीटर पट्ट्यातलं लाकूड घोड्याने वाटेकडे आणायचं, पुढे फॉरवर्डर (लाकूड वाहून नेणारं यंत्र) उचलतो. चिकण जमिनीत हेच रास्त. याला हौस म्हणू नका.

चिकणमाती: घोडा जमिनीला हलका, हे अर्धसत्य आहे. 800 किलोचा घोडा चालताना काही क्षण दोनच पायांवर असतो. खूर 180 चौ. सेंमी धरला तर चौ. सेंमीला 2 किलोहून जास्त दाब. रुंद टायर याहून कमी दाबतो.

सुतारपक्षी: बरोबर, पण तो वरच्या थरापुरता. खोलवर माती किती दबेल ते एकूण वजनावर ठरतं. भरलेला फॉरवर्डर 25-30 टन, आणि बहुतेक नुकसान पहिल्या दोन-चार फेऱ्यांतच होतं. खुराचे ठसे सुटे असतात. त्यांची चाकोरी होत नाही, की त्यातून पाणी वाहत नाही.

हिशेबनीस: आकडे मांडू. घोडा सलग कामात वजनाच्या 10-15 टक्के जोर लावतो, म्हणजे 80-120 किलो. जमिनीवर घासत येणाऱ्या लाकडाला त्याच्या वजनाच्या निम्मा तरी जोर लागतो. तेव्हा फेरीला 200 किलो. ताजं स्प्रूस घनमीटरला 850 किलोच्या घरात, म्हणजे जेमतेम पाव घनमीटर. साखळी लावणं-सोडणं धरून फेरीला 5 मिनिटं. तासाला पावणेतीन घनमीटर, आणि दिवसाचे खरे तास पाच. उभ्या यंत्राला डिझेल लागत नाही, उभ्या घोड्याला रविवारीही 12-16 किलो चारा लागतो.

ओढवाट: घोडं पेंड खातं ते जोडणीत. साखळी आखूड असली की ओंडक्याचं टोक उचललं जातं, माती कमी खणली जाते. फार आखूड झाली तर तेच टोक मागच्या पायांवर आदळतं. उतारावर तर ओंडकाच घोड्याच्या पुढे धावतो. हाकणाऱ्याने चढाच्या अंगाला राहावं, वळणाच्या आतल्या बाजूला कधीच नाही: खुंटाला अडकलेला ओंडका सुटला की तिकडेच झेपावतो. गळ्यातली कॉलर सैल असेल तर खांदे सोलवटतात आणि घोडा कामातून जातो. वसंतात हे काम काढूच नये. तेव्हा साल सुटी असते. उभ्या स्प्रूसला ओंडका घासला की जखमेतून कूज शिरते.



करवत: माणसाचं कोणी बोलतच नाही. मधल्या पट्ट्यात हार्वेस्टर पोचत नाही, म्हणजे झाडं माणसाने चेनसॉने (हातातल्या यंत्र-करवतीने) पाडायची. दाट स्प्रूसमध्ये झाड शेजारच्या फांद्यांत अडकतं, आणि ते सोडवताना जीव जातात. हार्वेस्टरचा चालक केबिनमध्ये सुरक्षित असतो. लाकूडच ओढायचं तर रिमोटवर चालणारी, दोन टनांची विंचवाली क्रॉलर (पट्ट्यांवर चालणारी, दोर गुंडाळून लाकूड ओढणारी छोटी गाडी) आहे की.

सुतारपक्षी: अडकलेलं झाड बुंध्याला साखळी लावून घोडाच मागे ओढून काढतो.

करवत: काढतो, पण झाड घसरलं तर घोडा त्याच क्षणी मोकळा व्हायला हवा. ताण असताना झटक्यात सुटणारा हुक लावता का?